एकाच घडीची तीन विमाने तीन तऱ्हांनी का उडतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठवीत शिकणाऱ्या मुलीच्या विज्ञान प्रकल्पासाठी एकाच गठ्ठ्यातले ए-फोर कागद घेऊन, एकाच पद्धतीने घड्या घालून, नेहमीची ‘बाण’ म्हणतात तशी तीन विमाने केली. ती एकाच खोलीत, एकाच हाताने फेकली. पहिले सरळ गेले, दुसरे वर चढून क्षणभर थबकले आणि नाकावर आपटले, तिसरे डावीकडे वळून भिंतीवर गेले. तर कागदी विमानाचे उडणे कोणकोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, आणि प्रकल्पात त्यांतली कोणती मोजावी?

मी बावीस वर्षे शाळकरी मुलांना एरोमॉडेलिंग, म्हणजे उडणारी छोटी विमाने बनवणे, शिकवतो. बाल्साच्या हलक्या लाकडाला हात लावण्यापूर्वी पहिले दोन तास मी त्यांच्याकडून कागदाचीच विमाने करून घेतो, कारण मोठ्या विमानाच्या बाबतीत जे शिकायचे ते जवळजवळ सगळे या पाच ग्रॅमच्या वस्तूत असते आणि चुकले तर नुकसान एका कागदाचे होते. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट ही सांगतो की, तुमची तीन विमाने ‘एकसारखी’ नव्हती. ती एकसारखी दिसत होती एवढेच. मागच्या कडेला एक मिलिमीटरचा बाक, एका पंखाला डोळ्यांना न जाणवणारा पीळ, किंवा घडी नखाने नीट न दाबल्यामुळे फुगलेले नाक, यांतली कोणतीही एक गोष्ट उड्डाण पूर्णपणे बदलून टाकायला पुरेशी असते.

हातातून सुटल्यानंतर कागदी विमानाला पुढे ढकलणारे काहीच उरत नाही. त्याला इंजिन नाही, त्यामुळे ते मुळात ग्लायडर आहे. फेकताना दिलेला वेग आणि सुटताना असलेली उंची, एवढीच त्याची पुंजी. हवेचा अवरोध ही पुंजी सतत खात असतो. फेकीचा जादा वेग खर्च झाला की विमान उंची गमावत, म्हणजे एखाद्या अदृश्य उतारावरून घसरत पुढे जाते. या उतारावर पंखांची उचल, हवेचा अवरोध आणि विमानाचे वजन ही तीन बले एकमेकांना तोलून धरतात. तो तोल कोणत्या वेगाला साधेल हे विमानाच्या घडणीतच ठरलेले असते. म्हणजे प्रत्येक कागदी विमानाचा स्वतःचा एक वेग असतो. वर्गात जी विमाने ‘बिघडलेली’ म्हणून माझ्याकडे येतात, त्यांतली निम्मीअधिक बिघडलेली नसतात. ती त्यांच्या स्वतःच्या वेगापेक्षा फार जोरात किंवा फार हळू फेकलेली असतात. म्हणून पुढे मी जो जो घटक सांगेन तो या वेगाचे आणि तोलाचे काय करतो या दृष्टीने पाहावा, नाहीतर घटकांची नुसती यादी होते आणि यादीतून विमान सुधारत नाही.

हा वेग अंदाजे काढता येतो आणि आठवीच्या मुलीला ते गणित जमण्यासारखे आहे. ए-फोर कागदाचे क्षेत्रफळ एका चौरस मीटरचा सोळावा भाग असते, म्हणून गठ्ठ्यावर छापलेल्या जीएसएमच्या (म्हणजे एका चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनाच्या) आकड्याला १६ ने भागले की एका कागदाचे वजन ग्रॅममध्ये मिळते. ७५ जीएसएमचा कागद सुमारे ४.७ ग्रॅम भरतो, ८० चा बरोबर ५ ग्रॅम. साध्या बाणाच्या दोन्ही पंखांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस सेंटीमीटर होते. एवढ्या पंखांनी एवढे वजन पेलायचे तर पंख हवेच्या प्रवाहाशी किती कलले आहेत त्यावर वेग ठरतो. बाणाच्या नेहमीच्या कोनाला तो सेकंदाला ४ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या बऱ्यापैकी वेगाने धावण्याएवढा. मुले मात्र बाण फेकतात ते चेंडू फेकल्यासारखे, याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने.

आता तोलाकडे येतो. हा सगळ्या विषयाचा गाभा आहे आणि यावर मी जास्त लिहिणार आहे.

वजन विमानभर पसरलेले असले तरी ते एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते, तो गुरुत्वमध्य. पंखांवरची उचलही पंखभर पसरलेली असते, पण तिचाही असा एक बिंदू मानता येतो. त्याला आपण उचलीचा मध्य म्हणू. विमान स्थिर उडायचे तर गुरुत्वमध्य उचलीच्या मध्याच्या पुढे, म्हणजे नाकाच्या बाजूला हवा. याचे कारण असे की, वाऱ्याच्या झुळकेने किंवा फेकीतल्या चुकीने नाक वर उचलले गेले, तर पंखाचा प्रवाहाशी असलेला कोन वाढतो आणि उचल वाढते. ही वाढीव उचल गुरुत्वमध्याच्या मागे लागत असेल तर ती शेपटी वर उचलते आणि नाक पुन्हा खाली आणते. तीच गुरुत्वमध्याच्या पुढे लागली तर आधीच वर गेलेल्या नाकाला आणखी वर रेटते, आणि विमान उलथते.

पोस्टकार्ड हातातून आडवे सोडून पाहावे. ते घसरत नाही, गिरक्या खात किंवा झोके घेत खाली येते. सपाट आयताकृती पट्टीचा गुरुत्वमध्य तिच्या बरोबर मध्यावर असतो, तर लहान कोनाला तिच्यावरची उचल पुढच्या कडेपासून सुमारे एक चतुर्थांश रुंदीवर लागते. म्हणजे जे हवे त्याच्या नेमके उलट. कागदाची पट्टी गिरक्या का घेते या प्रश्नावर जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५४ मध्ये लेख लिहिला होता. विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांसाठी पुढे जगप्रसिद्ध झालेल्या माणसाला वयाच्या तेविसाव्या वर्षी पडणारा कागद विचार करण्याजोगा वाटला, ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगतो. त्याच पोस्टकार्डाची पुढची कड दोन-तीन वेळा घट्ट दुमडली की गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि गिरक्या थांबून ते घसरू लागते.

२०२२ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी हाच खेळ प्रयोगशाळेत नीट मोजला. पातळ पट्ट्यांच्या पुढच्या भागाला धातूची चिकटपट्टी लावून त्यांनी गुरुत्वमध्य थोडा थोडा सरकवला. वजन फार मागे असताना पट्टी गिरक्या घेते, फार पुढे असताना सूर मारते आणि मधल्या एका टप्प्यात शांतपणे घसरते, असे त्यांना आढळले. त्यांनी दाखवलेली महत्त्वाची गोष्ट अशी की, पातळ सपाट पंखावर उचलीचा मध्य एका जागी बसून राहत नाही. कोन वाढला की तो मागे सरकतो. म्हणजे नाक वर गेले की उचलीचा मध्य आपोआप मागे जातो आणि नाक खाली आणतो. नेहमीच्या विमानाला त्यासाठी वेगळे शेपूट लागते. कागदी विमान ते काम बऱ्याच अंशी सपाट पंखावरच भागवते.

बाणाचे गणित थोडे वेगळे आहे, कारण त्याचे पंख आयताकृती नसून लांबट त्रिकोणी आहेत. अशा पंखावर उचलीचा मध्य नाकापासून अर्ध्या लांबीच्याही मागे, साधारण तीन-पंचमांशाच्या आसपास येतो. जाड कागदाचा तसाच त्रिकोण नुसता कापून घेतला तर त्याचा गुरुत्वमध्य नाकापासून दोन-तृतीयांश लांबीवर, म्हणजे उचलीच्या मध्याच्या मागे पडतो आणि तो त्रिकोण उडत नाही. घडी घातलेल्या बाणात मात्र नाकाकडच्या भागात कागदाचे अनेक थर साचतात आणि गुरुत्वमध्य निम्म्या लांबीच्या थोडासाच मागे राहतो. बाण उडतो तो या थोड्याशा फरकावर. म्हणून नाकाची घडी सैल राहिली, टोक बोथट करण्यासाठी कात्रीने कापले किंवा शेपटीकडे चिकटपट्टी लावली की तो लगेच बिथरतो. गुरुत्वमध्य शोधायला उपकरण लागत नाही. विमान पोटाखालून दोन बोटांच्या टोकांवर तोलले की जागा कळते, तिथे पेन्सिलने खूण करावी.

पण गुरुत्वमध्य पुढे आणला की दुसरी अडचण उभी राहते. विमान नाक खाली घालून जमिनीकडे जाऊ लागते. त्यावरचा उपाय म्हणजे पंखांच्या मागच्या कडा एक-दोन मिलिमीटर वर वळवणे. तिथे हवा शेपटीला किंचित खाली दाबते आणि नाक सावरले जाते. या दोन गोष्टी, पुढे असलेले वजन आणि वर वळलेली मागची कड, मिळूनच विमानाचा स्वतःचा वेग ठरवतात. वेग वाढला की शेपटीवरचा दाब वाढतो, नाक वर येते आणि वेग कमी होतो. वेग घटला की दाब कमी होतो, नाक झुकते आणि वेग परत येतो. एरोमॉडेलिंगमध्ये या जुळवाजुळवीला ‘ट्रिम’ करणे म्हणतात. चांगले ट्रिम केलेले विमान आणि न केलेले विमान यांत जेवढा फरक पडतो, तेवढा घडीच्या दोन वेगवेगळ्या प्रकारांत बहुतेक वेळा पडत नाही. नवनवीन घड्या शोधण्यात मुलांचा जो वेळ जातो त्यातला निम्मा ट्रिमला दिला तर बरे, असे माझे मत आहे.

तुमच्या दुसऱ्या विमानाचे निदान यातूनच होते. ते वर चढले याची तीन कारणे असू शकतात: वजन मागे आहे, मागची कड फार वर वळली आहे, किंवा विमान ठीक असून फेक जोराची आहे. ती वेगळी करण्यासाठी विमान गुरुत्वमध्याच्या जागी चिमटीत धरावे, नाक क्षितिजापेक्षा किंचित खाली ठेवावे आणि ते हवेत नुसते सोडून दिल्यासारखे, त्याच्या स्वतःच्या वेगाएवढ्याच वेगाने पुढे ढकलावे. तरीही नाक उचलून ते थबकत असेल तर मागची कड थोडी सपाट करावी. कड सपाट करूनही विमान थबकते आणि मग उलथते असे दिसले, तर वजन मागे आहे. हळू फेकल्यावर सरळ घसरत गेले तर मात्र विमानात दोष नाही, दोष हाताचा आहे.

ते ‘क्षणभर थबकणे’ म्हणजे काय हेही सांगितले पाहिजे. पंखाचा प्रवाहाशी असलेला कोन एका मर्यादेपलीकडे गेला की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहत नाही, ती सुटते. उचल एकदम ढासळते आणि अवरोध वाढतो. याला ‘स्टॉल’ म्हणतात. रुंद पंखांच्या विमानात तो झटक्यात येतो. बाणाच्या तिरक्या, धारदार कडांवरून मात्र हवेचे दोन भोवरे पंखांवर गुंडाळले जातात आणि मोठ्या कोनालाही उचल टिकवून धरतात, त्यामुळे बाण सहसा अचानक कोसळत नाही, तो नाक वर ठेवून मंदावतो आणि मग झुकतो. बाण हा नवशिक्यांसाठी चांगला का, याचे खरे उत्तर या क्षमाशीलतेत आहे.

जोरात फेकलेले विमान वर चढते, वेग गमावते, झुकते, वेग कमावते आणि पुन्हा चढते. या लाटेला फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने ‘फ्युगॉइड’ असे नाव दिले आणि १९०८ च्या आपल्या ग्रंथात तिचे गणित मांडले. नाव देताना त्यांची गंमत झाली. इंग्रजीत उड्डाणाला आणि पलायनाला एकच शब्द आहे. त्यांना हवे होते उड्डाण, पण त्यांनी निवडलेला ग्रीक धातू निघाला पळून जाण्याचा, आणि विमानविद्येत तो तसाच राहून गेला. आपल्या कामाची गोष्ट अशी की, या लाटेच्या एका फेरीला लागणारा वेळ विमानाच्या वजनावर किंवा आकारावर थेट अवलंबून नसतो, तो त्याच्या वेगावर ठरतो: मीटर प्रति सेकंदातल्या वेगाला सुमारे ०.४५ ने गुणले की तो सेकंदांत मिळतो. ४ मीटरच्या वेगाला एक फेरी सुमारे १.८ सेकंदांची होते आणि तेवढ्यात विमान ७ मीटरच्या आसपास पुढे जाते. आपल्या घरातली बैठकीची खोली सहसा चार-पाच मीटरची असते. म्हणजे घरात आपल्याला पूर्ण लाट कधी दिसतच नाही; तिचा चढाचा किंवा उताराचा तुकडा तेवढा दिसतो आणि त्यावरून आपण विमानाला नाव ठेवतो. प्रयोग शाळेच्या सभागृहात किंवा निदान लांब व्हरांड्यात करावेत असा माझा आग्रह असतो तो यासाठी.

वजनाविषयी एक समज इतका पक्का आहे की तो काढायला मला दरवर्षी स्वतंत्र प्रयोग करावा लागतो. ‘हलके विमान लांब जाते’ असे मुलांना वाटते, पालकांनाही वाटते. आकार आणि ट्रिम तेच ठेवून कागदाचे वजन दुप्पट केले तर उताराचा कोन बदलत नाही; फक्त विमानाचा स्वतःचा वेग दोनच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. त्याच उंचीवरून, आपापल्या योग्य वेगाने सोडलेली हलकी आणि जड विमाने जवळजवळ सारख्याच अंतरावर उतरतात, जड विमान तिथे लवकर पोहोचते एवढेच. त्यामुळे हवेत जास्त वेळ राहायचे असेल तर हलका कागद उपयोगी आहे. पूर्ण ताकदीने फेकून लांब पाठवायचे असेल तर उलट वजन असलेले बरे, कारण जड विमानात फेकीची ऊर्जा जास्त साठते आणि हवेचा अवरोध त्याला लवकर थांबवू शकत नाही.

विश्वविक्रमांकडे पाहिले की हा फरक डोळ्यांत भरतो. जपानचे ताकुओ तोदा यांनी २०१० मध्ये कागदी विमान २९.२ सेकंद हवेत ठेवले. अशा फेकीत विमान जवळजवळ सरळ वर भिरकावतात आणि सगळा वेग उंचीत बदलून घेतात, मग ते सावकाश खाली येते. अंतराचा विक्रम वेगळ्याच जातीचा. २०१२ मध्ये अमेरिकेत जॉन कॉलिन्स यांनी घडवलेले विमान जो आयूब या, हाताने चेंडू फेकण्याच्या अमेरिकी फुटबॉलच्या खेळाडूने ६९.१४ मीटर फेकले. घडवणारा एक आणि फेकणारा दुसरा, यातच हाताच्या ताकदीचे महत्त्व आले. त्यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यात बोइंगच्या दोन तरुण अभियंत्यांनी एका साथीदारासह अंतराचा विक्रम ८८.३ मीटरवर नेला. तेव्हा ‘सर्वांत चांगले विमान कोणते’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी ‘कशासाठी’ हे विचारावे लागते, आणि प्रकल्पातही अंतर मोजायचे की वेळ, हे आधी ठरवावे लागते.

पंखांच्या आकाराचा परिणामही याच रेषेवर आहे. लांब आणि अरुंद पंखाच्या टोकांशी हवा कमी प्रमाणात खालून वर निसटते, म्हणून त्याच उचलीसाठी अवरोध कमी पडतो आणि विमान चपट्या उतारावरून घसरते. बाणाचे पंख याच्या उलट, लांबीच्या मानाने अगदी आखूड पसरलेले, म्हणून हळू वेगात तो मोठा अवरोध सोसतो. साधा बाण दर मीटर उंचीमागे तीन-चार मीटर पुढे गेला तरी चांगला म्हणावा. पण लांब पंखाला कागदात मर्यादा आहे: तो जोराच्या फेकीत वाकतो, थरथरतो, आणि एकदा वाकला की सगळी जुळणी गेली. जोराची फेक हवी तर पंख आखूड ठेवावेत आणि हळुवार सोडायचे तर लांब.

इथे एक जुना गैरसमजही दूर करतो. पंखाचा वरचा भाग फुगीर असल्यामुळे वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता पडतो, आणि खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पोहोचण्यासाठी ती जोरात धावते, असे स्पष्टीकरण अजूनही शिकवले जाते. कागदाचा पंख वरून जेवढा, तेवढाच खालून असतो, तरी तो उडतो. वरच्या आणि खालच्या हवेने एकाच वेळी मागे पोहोचावे असा निसर्गात कोणताही नियम नाही. पंख प्रवाहाशी कललेला असतो, तो हवेला खाली वळवतो आणि त्या बदल्यात हवा त्याला वर रेटते, एवढे या पातळीवर पुरे आहे. शिवाय एवढ्या लहान आकाराला आणि वेगाला जाड, फुगीर पंखापेक्षा पातळ पत्राच अधिक चांगले काम करतो. त्यामुळे कागदाच्या पंखाला विमानासारखा फुगवटा देण्याच्या खटाटोपात पडू नये.

तिसरे विमान डावीकडे गेले. असे झाले की विमान डोळ्यांच्या रेषेत धरून मागून पाहावे. दोन्ही मागच्या कडा एका रेषेत दिसायला हव्यात. बहुधा एका पंखाला पीळ असतो. तो बोटांनी सरळ करावा. पीळ सापडत नसेल तर उजव्या पंखाची मागची कड अगदी थोडी वर वळवावी, म्हणजे उजवी उचल कमी होऊन विमान उजवीकडे कलू लागेल आणि डावीकडची ओढ फिटेल. दुसरे कारण पोटाच्या घडीत असते. हातात धरलेले असताना आपण पोट चिमटून ठेवतो, पण सुटल्याबरोबर ती घडी उघडते आणि आडवे वाटणारे पंख खाली झुकतात. झुकलेले पंख विमानाला कलंडायला मदत करतात. म्हणून पंख मुळातच थोडे वर उचललेले, मागून पाहिल्यास इंग्रजी वाय अक्षरासारखे ठेवावेत, म्हणजे पोट उघडल्यावरही ते निदान सपाट राहतील. वर उचललेले पंख असलेले विमान एका बाजूला कलून तिकडे घसरू लागले की त्या बाजूच्या पंखाला प्रवाह अधिक कोनात मिळतो, तिथली उचल वाढते आणि विमान सावरते.

कागदाच्या जातीकडे मुले फारसे लक्ष देत नाहीत. वहीचा कागद झेरॉक्सच्या कागदापेक्षा पातळ आणि मऊ, म्हणून तो अलगद घसरणाऱ्या विमानांना ठीक, पण जोराच्या फेकीत त्याचा पंख टिकत नाही. वर्तमानपत्राचा कागद तर स्वतःचा भारही धरत नाही. गुळगुळीत कॅलेंडरचा कागद ताठ असतो, मात्र घडीवर त्याचा थर तडकतो आणि घडी उघडू पाहते. याशिवाय कागदाला दिशा असते. कारखान्यात तंतू यंत्राच्या दिशेने बसतात, त्याला छापखान्यात ‘ग्रेन’ म्हणतात. ग्रेनच्या बाजूने घडी साफ बसते, आडवी घातली तर खडबडीत बसते, आणि पंख कोणत्या दिशेला सहज वाकतो हेही त्यावर ठरते. कागद दोन्ही बाजूंनी फाडून पाहावा. ज्या दिशेला तो बऱ्यापैकी सरळ फाटतो ती ग्रेनची दिशा. प्रकल्पातली सगळी विमाने एकाच दिशेने घडी घातलेली असावीत.

दमट हवेचा त्रास आपल्याकडे विशेष. कोकणात जुलै महिन्यात उघड्यावर ठेवलेला कागद ओलावा शोषून लुळा पडतो, सकाळी घातलेली घडी दुपारपर्यंत सैल होते आणि एका बाजूने वाळलेला पंख आपोआप वळतो. पावसाळ्यात मी कागदाचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवतो आणि विमाने फेकायच्या आधी घडवतो, आदल्या रात्री नव्हे. हवेची घनता उंचीप्रमाणे कमी होते, पण तिचा परिणाम किरकोळ आहे: महाबळेश्वरला, सुमारे १३७० मीटरवर, हवा समुद्रकाठच्या मानाने साधारण आठव्या हिश्श्याने विरळ असते आणि विमानाचा वेग त्यामुळे सुमारे ७ टक्के वाढतो. छताचा पंखा त्याहून कितीतरी मोठा गोंधळ घालतो. तो बंद करून हवा शांत व्हायला दोन-तीन मिनिटे जाऊ द्यावीत. जमिनीजवळचा एक चमत्कारही लक्षात ठेवावा. फरशीपासून पंखांच्या पसाऱ्यापेक्षा कमी उंचीवर आलेले विमान अपेक्षेपेक्षा लांब तरंगत जाते, कारण जमीन पंखांच्या टोकांशी फिरणाऱ्या हवेला आडवी येते आणि अवरोध घटतो. अंतर मोजताना विमान पहिल्यांदा टेकले ती जागा धरायची की घसरत थांबले ती, हे म्हणूनच आधी लिहून ठेवावे.

प्रकल्पासाठी मी गुरुत्वमध्य हाच घटक निवडायला सांगेन. एकच बाण घ्यावा, त्याच्या पोटाच्या घडीला एक लहान यू-क्लिप लावावी आणि ती नाकापासून शेपटीकडे दोन-दोन सेंटीमीटरने सरकवत जावे. अशी क्लिप सुमारे अर्धा ग्रॅम भरते. विमानासह एकूण वजन ५.२ ग्रॅम धरले, तर क्लिप १ सेंटीमीटर सरकवल्यावर गुरुत्वमध्य सुमारे १ मिलिमीटर सरकतो. हे आधी गणिताने काढावे आणि मग बोटांवर तोलून पडताळावे. यात वजन, कागद, घडी आणि पंख तेच राहतात, बदलते ती फक्त वजनाची जागा, म्हणून निष्कर्षाला अर्थ राहतो. मागच्या कडा या सगळ्या काळात हलवू नयेत. फेक सारखी राहावी यासाठी हाताऐवजी टेबलाला बांधलेले रबरबँड आणि ते किती ताणायचे याची पट्टीवरची खूण वापरावी. प्रत्येक जागेसाठी निदान दहा फेका घ्याव्यात, अंतरे चढत्या क्रमाने लिहून मधली किंमत धरावी, म्हणजे एखादी फसलेली फेक निकाल बिघडवणार नाही. मोबाइलवर बाजूने संथगती चित्रण करून मागे भिंतीवर मीटरच्या खुणा केल्या, तर विमानाचा वेग आणि लाटेचा काळ दोन्ही मोजता येतील आणि ०.४५ चे ते गुणोत्तर स्वतः तपासता येईल.

एका गोष्टीत मात्र मी स्वतः फसलो आहे. एका शिबिरात मी हाच प्रयोग क्लिप नाकाकडून मागे सरकवत क्रमाने केला आणि क्लिप मागे जाईल तसे विमान आडवेतिडवे उडते, असे सुबक कोष्टक मुलांपुढे ठेवले. नंतर सहज म्हणून क्लिप पुन्हा पहिल्या जागी लावली, तर विमान तिथेही आडवेतिडवेच उडाले. साठ-सत्तर फेकांत भिंतीवर आपटून त्याचे नाक चेपले होते आणि पोटाची घडी सैल झाली होती. मी मोजले ते क्लिपच्या जागेइतकेच विमानाचे झिजणे होते. तेव्हापासून क्लिपच्या जागांच्या चिठ्ठ्या करून मुलांकडून उचलून घेतो आणि निघेल त्या क्रमाने फेकतो, समोरच्या भिंतीवर जुनी चादर टांगतो, आणि दर दहा फेकांनंतर मूळ जागी क्लिप लावून एक फेक तपासणीची घेतो. ती फेक बिघडली की ते विमान बाजूला ठेवावे आणि त्याच गठ्ठ्यातून, त्याच ग्रेनचे, नवे करावे.